एक मिलिव्होल्टची राखण

१८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयातून उमटणाऱ्या विजेची नोंद पहिल्यांदा केली, आणि तीही छाती न उघडता, कातडीवरून. बारीक काचनळीतला पारा ठोक्यागणिक किंचित हलत होता आणि त्याची सावली छायाचित्राच्या सरकत्या काचेवर उतरत होती. पारा जड, त्यामुळे आलेख बोथट यायचा. १९०१ मध्ये हॉलंडमधल्या लायडन इथे विलेम आइन्टहोवेन यांनी त्यावर उपाय काढला. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिबारीक धागा त्यांनी प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणून बसवला आणि हृदयाचा प्रवाह त्यातून जाऊ दिला. रोग्याने दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचे. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. या कामासाठी १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या हकिगतीतली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. आइन्टहोवेन यांनी उजव्या हातावर किती व्होल्ट आहेत हे कधी मोजले नाही. त्यांनी मोजला तो उजवा हात आणि डावा हात यांच्यातला फरक, हात आणि पाय यांच्यातला फरक. आजही ईसीजीच्या पहिल्या तीन लीड्स याच तीन फरकांच्या आहेत. आठ पायांच्या, नखाएवढ्या ज्या चिपविषयी हे पुस्तक आहे, त्या इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायरचे सगळे आयुष्य या एका कामात जाते: दोन तारांमधला फरक तेवढा वाढवायचा, आणि दोन्ही तारांवर जे सारखेच आले आहे ते टाकून द्यायचे.

ऐकायला हे सोपे वाटते. ते किती अवघड आहे हे आकड्यांवाचून कळत नाही, म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करतो. कातडीवर मिळणारा हृदयाचा संकेत जेमतेम एक मिलिव्होल्ट असतो. मेंदूचा तर दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट. रोगी ज्या खोलीत झोपला आहे तिच्या भिंतींतून मात्र २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची वीज धावत असते. तारेला हात न लावताही ती हवेतून, कपॅसिटरच्या न्यायाने, शरीरात शिरते. प्रवाह किरकोळ, समजा ०.२ मायक्रोअँपिअर. तो उजव्या पायावरच्या इलेक्ट्रोडमधून बाहेर पडतो. त्या इलेक्ट्रोडचा रोध ५० किलोओहम धरला, तर सगळे शरीर १० मिलिव्होल्टने वरखाली होऊ लागते. म्हणजे जे हवे त्याच्या दहापट असे काही नको असलेले, आणि ते अंगभर पसरलेले. दोन्ही हातांवर ते जवळजवळ सारखेच असते, एवढीच आपल्या बाजूची गोष्ट. अभियंते याला कॉमन मोड म्हणतात. मी सामाईक दाब म्हणेन.

भरतीच्या वेळी बंदरातल्या दोन होड्या सोबतच वर उचलल्या जातात. एकीच्या काठावरून दुसरीचा काठ किती उंच आहे हे पाहिले, तर पाणी किती चढले याने काही बिघडत नाही. फरक मोजण्याचा फायदा हाच. पण हा फायदा मोजणारा स्वतः दोन्हीकडे सारख्याच नजरेने पाहत असेल तरच मिळतो. एक ऑप-अँप आणि चार रेझिस्टर यांचे साधे वजाबाकीचे सर्किट घ्या. चारही रेझिस्टर एक टक्का अचूकतेचे असले आणि नशीब पुरते फिरले, तर सामाईक दाब फक्त ५० पटींनी घटतो, डेसिबलमध्ये ३४. आपले १० मिलिव्होल्ट मग ०.२ मिलिव्होल्ट होऊन आलेखात शिरतात. ईसीजीच्या कागदावर ती दोन मिलिमीटरची थरथर असते, आणि पी लाट असते तीही साधारण तेवढीच. एवढ्या थरथरीत डॉक्टरांनी काय वाचायचे?

तीन ऑप-अँपची रचना या अडचणीतून जशी वाट काढते, ती मला इलेक्ट्रॉनिक्समधल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते, म्हणून तिथे जरा थांबतो. पुढे दोन ऑप-अँप, प्रत्येक तारेला एक. दोघांच्या ऋण टोकांमध्ये एकच रेझिस्टर, ज्याने गेन ठरतो. प्रत्येक ऑप-अँप आपले ऋण टोक आपल्या तारेच्या पातळीवर धरून ठेवतो. त्यामुळे मधल्या रेझिस्टरवर पडतो तो फक्त दोन तारांमधला फरक. दोन्ही तारा सोबतच वर गेल्या तर त्या रेझिस्टरमधून काहीच वाहत नाही, आणि दोन्ही ऑप-अँप आले तसे पुढे पाठवतात, एकपट. फरक असला तर त्यातून प्रवाह वाहतो, तोच प्रवाह दोन्ही बाजूंच्या फीडबॅक रेझिस्टरमधून जातो आणि फरक शंभरपट होऊन बाहेर येतो. तिसऱ्या ऑप-अँपच्या वजाबाकीपाशी पोचेपर्यंत संकेत शंभरपट वाढलेला आणि सामाईक दाब होता तेवढाच. म्हणजे वजाबाकी करणारे चार रेझिस्टर तेवढेच अचूक राहिले, तरी पारडे आधीच शंभरपट आपल्या बाजूला झुकलेले असते. शिवाय संकेताला समोर दिसते ते थेट ऑप-अँपचे टोक. त्याच्याकडून प्रवाह जवळजवळ मागितला जात नाही.

या कल्पनेची मुळे निर्वात नळ्यांच्या काळातली. १९३४ साली केंब्रिजमध्ये ब्रायन मॅथ्यूज यांनी शरीरातल्या क्षीण संकेतांसाठी फरक मोजणारा अ‍ॅम्प्लिफायर मांडला, आणि त्याच वर्षी एड्रियन यांच्यासोबत मेंदूच्या लहरींबद्दलचे बर्गर यांचे निरीक्षण खरे असल्याचे दाखवले. दोन वर्षांनी अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी अशाच जोडीचे पेटंट घेतले. आता हे सगळे एका सिलिकॉनवर येते. एडी ६२० या चिपमध्ये बाहेरून एकच रेझिस्टर लावायचा, ४९.४ किलोओहमला त्याने भागायचे, एक मिळवायचा, की गेन मिळाला. ४९९ ओहम लावला तर शंभर. आतले रेझिस्टर कारखान्यातच लेझरने छाटून जुळवलेले असल्यामुळे सामाईक दाब एक लाखात एक एवढाच उरतो. डेसिबलमध्ये शंभरच्या घरात.

विद्यार्थी बहुधा इथे समाधानाने थांबतो. माझ्या मते खरा विषय इथून सुरू होतो.

कारण डेटाशीटवरचा तो आकडा चिपचा असतो, तुमच्या यंत्राचा नसतो. हातावरचे दोन इलेक्ट्रोड कधीच सारखे चिकटत नाहीत. एकाखाली घाम, दुसऱ्याखाली केस किंवा वाळलेली जेल. दोघांच्या रोधात २० किलोओहमचा फरक असणे अगदी रोजचे. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रत्येक टोकापाशी ५ मेगाओहमचा रोध असला, तर १० मिलिव्होल्टच्या सामाईक दाबातून त्या फरकापायी ४० मायक्रोव्होल्टचा खोटा संकेत तयार होतो. हा खोटा संकेत चिपच्या दृष्टीने खरा फरकच असतो. चिप शंभर डेसिबलची असो की दीडशेची, ती तो इमानदारीने वाढवणार. यावर उपाय दोन: टोकांचा रोध शक्य तेवढा मोठा ठेवायचा, आणि सामाईक दाबच कमी करायचा. दुसऱ्या उपायात उजव्या पायाच्या इलेक्ट्रोडमधून शरीराला उलटा दाब दिला जातो. विंटर आणि वेबस्टर यांचा १९८३ मधला लेख त्याचा नेमका हिशेब मांडतो. पहिला उपाय मात्र पूर्णपणे आपण टोकांपाशी काय काय जोडतो यावर अवलंबून आहे.

आणि टोकांपाशी आपल्याला संरक्षण जोडायचे असते. ते टाळता येत नाही. कारण जो अ‍ॅम्प्लिफायर एका मिलिव्होल्टकडे कान लावून बसला आहे त्याच्याच तारा जगाच्या सर्वांत जवळ असतात. त्या तारांना कोरड्या हवेत नर्सच्या बोटाची ठिणगी लागते. त्या चुकून भलत्या सॉकेटमध्ये जातात. आणि अतिदक्षता विभागात, छातीवर त्या तशाच असताना, डीफिब्रिलेटर चालवला जातो. या शेवटच्या प्रसंगासाठी आंतरराष्ट्रीय मानकांत जी चाचणी आहे तिच्यात ३२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५००० व्होल्टला भारित करतात आणि तो यंत्राच्या रोग्याकडच्या तारांवर सोडतात. गुणाकार करून पाहा: ४०० ज्यूल. यंत्र जळू नये एवढेच पुरत नाही. झटक्यानंतर काही सेकंदांत पडद्यावर आलेख परत आला पाहिजे, कारण हृदय पुन्हा चालू झाले की नाही हे डॉक्टर त्याच पडद्यावर पाहणार असतात. आणि रोग्यासाठी असलेली ऊर्जा यंत्राने वाटेत खाऊनही चालत नाही.

ढोबळ कृती सगळ्यांना ठाऊक असते: तारेत मालिकेने एक रेझिस्टर घाला आणि त्याच्या पुढे सप्लायच्या दोन्ही रुळांकडे एकेक डायोड लावा. दाब मर्यादेबाहेर गेला की डायोड वाहू लागतो, रेझिस्टर प्रवाह आवरतो. या दोन साध्या भागांमागे किती हिशेब दडलेला आहे ते बघण्यासारखे आहे. भिंतीतली २३० व्होल्टची वीज चुकून टोकाला लागली, तर शिखरावर ती ३२५ व्होल्ट असते. प्रवाह ५ मिलिअँपिअरच्या आत ठेवायचा तर ६५ किलोओहम हवेत. त्यात सुमारे ०.८ वॉट उष्णता निर्माण होईल, म्हणजे पाव वॉटचा रेझिस्टर तिथे तग धरणार नाही. बोर्डावर चिकटवायचा ०८०५ आकाराचा रेझिस्टर साधारण १५० व्होल्टपर्यंतच वापरायचा असतो. तेव्हा नुसत्या दाबासाठीच एकाऐवजी तीन मालिकेत लागतील. एवढे सांभाळले, की रेझिस्टर स्वतःची खरखर आणतो. एक किलोओहम साध्या खोलीच्या तापमानाला दर वर्गमूळ हर्ट्झला सुमारे चार नॅनोव्होल्ट खरखर देतो. ६५ किलोओहम देतो ३३. दोन्ही तारांची मिळून, ईसीजीच्या दीडशे हर्ट्झच्या पट्ट्यात, अर्ध्या मायक्रोव्होल्टहून थोडी जास्त. हृदयासाठी ती नगण्य आहे. मेंदूच्या दहा मायक्रोव्होल्टसाठी नाही.

मग डायोड. सर्वांच्या खणात असतो तो १एन४१४८. उलट्या दिशेने तो गळतो. डेटाशीटवर २० व्होल्टला, २५ अंश तापमानाला, जास्तीत जास्त २५ नॅनोअँपिअर. आकडा क्षुल्लक वाटतो. पण तोच प्रवाह आपण नुकत्याच घातलेल्या ६५ किलोओहममधून गेला तर १.६ मिलिव्होल्ट होतात. म्हणजे रक्षणासाठी ठेवलेल्या डायोडने हृदयापेक्षा मोठा दाब तारेवर आणला. ही कमाल मर्यादा झाली, प्रत्यक्षात डायोड पुष्कळ कमी गळतो, आणि दोन रुळांकडचे दोन डायोड एकमेकांची गळती काही अंशी भरून काढतात हेही खरे. परंतु तापमान दहा अंश वाढले की गळती जवळजवळ दुप्पट होते, आणि मे महिन्यातल्या बंद पेटीत दोन्ही बाजूंचे डायोड सारखेच तापतील याची हमी कोणी द्यायची? शिवाय याचे कवच काचेचे. त्यावर उजेड पडला की त्यात प्रवाह निर्माण होतो, आणि छताच्या दिव्याचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. झाकण उघडे असताना आलेखात १०० हर्ट्झची थरथर दिसते आणि झाकण लावताच ती जाते, तेव्हा डायोडकडे पाहावे. कमी गळतीचे बीएव्ही१९९ सारखे डायोड, किंवा डायोडासारखा जोडलेला जेफेट, काही पिकोअँपिअरच्या घरात राहतो. किमतीचा फरक किरकोळ आहे, परिणामाचा नाही.

याहून फसवी गोष्ट कपॅसिटन्सची. सर्ज शोषणारा जाडजूड टीव्हीएस डायोड लावला, की निर्धास्त वाटते. काही टीव्हीएसची कपॅसिटन्स एक नॅनोफॅरडच्या आसपास असते. ५० हर्ट्झला एक नॅनोफॅरड म्हणजे ३.२ मेगाओहम. वर ज्या ५ मेगाओहमने ४० मायक्रोव्होल्टचा खोटा संकेत दिला, त्याहूनही हा कमी. चिपचा गिगाओहमचा अभिमान एका संरक्षक भागाने धुळीला मिळवला. दोन तारांवरचे दोन टीव्हीएस एकमेकांशी जुळणारे नसले तर आणखी बिघाड. मोबाइलच्या लहरी अडवायला लावलेल्या कपॅसिटरांचेही तेच. ते लावावेच लागतात, कारण उच्च वारंवारतेचा संकेत चिपच्या पहिल्याच जोडावर रेक्टिफाय होऊन कायमचा ऑफसेट होतो आणि नंतर तो कशानेही काढता येत नाही. पण प्रत्येक तारेवरून जमिनीकडे जाणारा कपॅसिटर छोटा आणि दोन तारांमधला त्याच्या किमान दहापट ठेवला, तर छोट्यांमधली विषमता मोठ्याखाली दबते. हे ज्याला समजले त्याला या विषयाचे मर्म समजले, असे मी खुशाल म्हणेन: संरक्षणासाठी जोडलेला प्रत्येक भाग मोजमापाचाही भाग होतो, आणि जी समानता मिळवायला चिपमध्ये लेझर लागला ती आपण पाच रुपयांच्या भागाने गमावू शकतो.

म्हणूनच पुष्कळ पाठ्यपुस्तकांत संरक्षण शेवटच्या प्रकरणात, परिशिष्टासारखे येते ते मला पटत नाही. या पुस्तकात ते गेनच्या सूत्रालगत आले आहे. त्याची जागा तीच आहे.

चिप बनवणाऱ्यांनी या पेचाची उत्तरे वेगवेगळी दिली आहेत. एडी ६२० च्या प्रत्येक टोकात ४०० ओहमचा पातळ थराचा रेझिस्टर आहे. त्याच्या बळावर ती १५ व्होल्टपर्यंतचा किंवा ६० मिलिअँपिअरपर्यंतचा अतिभार काही तास सोसते. आयएनए १२८ मध्ये वेगळी युक्ती आहे. तिथे टोकाशी ट्रान्झिस्टर असे बसवले आहेत की नेहमीच्या संकेताला ते नगण्य रोध दाखवतात, आणि दाब चढला की प्रवाहाला काही मिलिअँपिअरवर बांधून ठेवतात. उणे ४० ते अधिक ४० व्होल्टपर्यंत, आणि सप्लाय बंद असतानाही. साध्या रेझिस्टरने एवढेच संरक्षण द्यायचे म्हटले तर खरखर कितीतरी वाढली असती.

‘सप्लाय बंद असतानाही’ हे शब्द सहज ओलांडून जाऊ नयेत. यंत्र बंद आहे, सेन्सर चालू आहे, असे कारखान्यात रोज घडते. रुळांकडे लावलेले डायोड अशा वेळी सेन्सरचा प्रवाह बंद सप्लायमध्ये ढकलतात आणि सर्किट टोकांतूनच अर्धवट जागे होते. यंत्र चालू असतानाही एक धोका असतो: डायोडमधून आलेला जादा प्रवाह रुळात जातो, पण बहुतेक व्होल्टेज रेग्युलेटर प्रवाह देऊ शकतात, परत घेऊ शकत नाहीत. त्यामुळे रूळच वर चढतो आणि त्याच्यावरची प्रत्येक चिप संकटात येते. रुळावर एक झेनर लावला की हे टळते. किती सर्किटांत तो नसतो!

दवाखान्याइतकेच हे सगळे साखर कारखान्याच्या वजनकाट्याला लागू पडते, आणि मराठी वाचकाला ते उदाहरण अधिक जवळचे असेल. उसाच्या गाडीखाली जे लोडसेल असतात त्यांना १० व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला २० मिलिव्होल्ट मिळतात. आणि हा संकेत ५ व्होल्टच्या सामाईक दाबावर स्वार झालेला असतो. समजा काट्याचा पल्ला ६० टनांचा आहे. मग दहा किलो म्हणजे ३.३ मायक्रोव्होल्ट. याच मायक्रोव्होल्टांवर शेतकऱ्याचे बिल निघते. काट्याचा खड्डा उघड्यावर, केबिन दूर, मधे पुरलेली केबल. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, जवळपास वीज पडते, आणि क्षणभर खड्ड्याजवळची जमीन आणि केबिनजवळची जमीन यांच्यात हजारो व्होल्टचे अंतर पडते. इथे चिपच्या आतले ४० व्होल्टचे संरक्षण कुठेच पुरत नाही. पहिल्या फळीत गॅस डिस्चार्ज ट्यूब, मग रेझिस्टर, मग टीव्हीएस, मग चिपच्या आतले काय असेल ते, अशी उतरंड लागते. प्रत्येक पायरीने पुढच्या पायरीला झेपेल एवढेच पुढे सोडायचे. जुन्या ईसीजी यंत्रांत पहिल्या पायरीवर निऑनचे छोटे दिवे असत. सत्तर-नव्वद व्होल्टला ते पेटत आणि झटका आपल्या अंगावर घेत. लोडसेलचा रोध साधारण ३५० ओहम असल्यामुळे टीव्हीएसच्या कपॅसिटन्सचा तिथे त्रास नाही. ईसीजीत जो भाग घातक तो इथे चालतो. मात्र मालिकेतला ६५ किलोओहमचा रेझिस्टर, जो हृदयाला चालला, तो इथे दहा किलोंच्या मोजमापाला भारी पडेल. एकाची नक्कल दुसऱ्यात चालत नाही. आणि अर्थिंग खड्डा-केबिन मिळून एका बिंदूशी बांधलेले नसेल तर कितीही महागडे संरक्षण लावा, ते दर पावसाळ्याआधी जळणार.

थर्मोकपल वापरणाऱ्यांसाठी एकच सूचना, कारण पुढे त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. के जातीचा थर्मोकपल अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो आणि बहुधा कशालाच टेकलेला नसतो. चिपच्या टोकांत शिरणारा नॅनोअँपिअरचा प्रवाह परत जायला वाट लागते. ती दिली नाही, तर तारा हळूहळू तरंगत रुळाला भिडतात आणि चिप बधिर होते. एका तारेपासून जमिनीपर्यंत एक मोठा रेझिस्टर एवढेच पुरते.

शेवटी ज्यांच्या हाती हे पुस्तक सर्वांत जास्त मळावे अशी माझी इच्छा आहे, त्या दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी. झटक्याने जळून काळी पडलेली चिप शोधायला सोपी. अवघड असते ती चिप जी झटका खाऊनही चालू राहिली. तिच्या टोकांतला एखादा जोड अर्धवट दुखावलेला असतो: बायस प्रवाह काही पटींनी वाढलेला, ऑफसेट सरकलेला, खरखर दुप्पट. आलेख येतो, वजन दिसते, पण ते खरे नसते. म्हणून यंत्र नवे असतानाच प्रत्येक टोकाचा बायस प्रवाह, दोन्ही टोके जोडून दिसणारी खरखर आणि सामाईक दाबाची चाचणी यांचे आकडे लिहून ठेवावेत. ही चाचणी दोन्ही तारा एकत्र बांधून करू नये, तशी ती सगळीच यंत्रे उत्तीर्ण होतात. एका तारेत ५१ किलोओहम आणि त्याला समांतर ४७ नॅनोफॅरड लावावेत, जसे मानकांत इलेक्ट्रोडच्या विषमतेसाठी लावतात, आणि मग तोच भाग दुसऱ्या तारेत हलवून परत मोजावे. दोन आकड्यांत मोठी तफावत आली, किंवा वादळानंतर एक आकडा खाली आला, तर आधी चिप बदलू नये. ज्या बाजूचा आकडा बिघडला आहे त्या बाजूचा डायोड आणि टीव्हीएस उचलून गळती मोजावी. दोष तिथेच सापडला तर जोडीचा दुसराही बदलावा, एकाच खेपेतले दोन घेऊन.